वर्ग हाती येताना : प्रस्तावना

डी.एल.एड. किंवा बी.एड.ला असताना सूक्ष्म अध्यापनाचा पाठ सहा मिनिटांचा असतो. समोर बसलेले ‘विद्यार्थी’ म्हणजे आपलेच वर्गमित्र. ते उत्साहाने हात वर करतात, कारण थोड्या वेळाने त्यांचाही पाठ असतो आणि तेव्हा आपणही हात वर करावा अशी त्यांची अपेक्षा असते. कुणाची पेन्सिल हरवत नाही, कुणाला शू लागत नाही, मागे बसलेला कुणी शेजाऱ्याच्या दप्तरावर पाय देत नाही. निरीक्षक प्रश्नकौशल्याचे, फलकलेखनाचे, स्पष्टीकरणाचे गुण देतात. मग नेमणूक होते, जून उजाडतो, आणि पहिलीच्या किंवा सातवीच्या खोलीत पाऊल टाकल्यावर कळतं की त्या सहा मिनिटांतून जे जे वगळलं होतं, त्याचंच नाव वर्ग.

हे पुस्तक त्या वगळलेल्या भागाबद्दल आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा, शहरातल्या अनुदानित शाळा अशा वेगवेगळ्या ठिकाणी रुजू झालेल्या शिक्षकांनी पहिल्या काही वर्षांत वर्ग सांभाळताना काय चुकलं, ते केव्हा ध्यानात आलं आणि पुढे काय बदललं, हे स्वतःच्या शब्दांत लिहिलं आहे. असं लिहायला माणसं सहजासहजी तयार होत नाहीत. शिक्षकांच्या खोलीत ‘या मुलांचं गणित कच्चं आहे’ असं मोकळेपणाने बोललं जातं. ‘माझा वर्ग मला आवरत नाही’ हे वाक्य मात्र तिथे सहसा ऐकू येत नाही. ते उच्चारलं की आपण शिक्षक म्हणून कमी पडलो अशी कबुली दिल्यासारखं होतं, ही समजूत पक्की आहे. त्यात नवा माणूस बहुधा शिक्षणसेवक असतो. तीन वर्षं मानधनावर काम, आणि त्या तीन वर्षांत कुणाचं आपल्याबद्दल वाईट मत होऊ नये ही धास्ती. मग तो वर्गाचं दार लोटून घेतो, आवाज चढवतो आणि एकटाच झगडत राहतो.

खरं तर या अडचणीत तो एकटा नाही. नेदरलँड्समधले संशोधक सायमन वीनमन यांनी १९८४ मध्ये नव्या शिक्षकांच्या अडचणींवर निरनिराळ्या देशांत झालेले ८३ अभ्यास एकत्र तपासले. सगळ्यात वरची अडचण होती वर्गातली शिस्त. विषयाचं ज्ञान अपुरं पडतं ही तक्रार त्या मानाने बरीच खाली होती. चाळीस वर्षं उलटली तरी आपल्याकडच्या कुठल्याही नव्या शिक्षकाशी जरा विश्वासाने बोललं तर तो हेच सांगतो. अडचण इतकी सार्वत्रिक असताना तिच्याबद्दल मराठीत लिहिलेलं फार थोडं आहे. अध्यापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘वर्ग व्यवस्थापन’ या मथळ्याखाली व्याख्या, तत्त्वं आणि महत्त्व येतं. पाचवीतला एक मुलगा बाकाखाली जाऊन बसला आणि बाहेर यायला तयार नाही, तेव्हा उरलेल्या वर्गाला काय काम द्यायचं, हे तिथे सापडत नाही.

या पुस्तकामागची धारणा सुरुवातीलाच सांगतो. वर्गातला बराचसा गोंधळ हा शिक्षक कडक नसल्यामुळे होत नाही. तो होतो कामाची आखणी ढिली असल्यामुळे. कुणी काय करायचं, कशानंतर काय, वस्तू कुठून घ्यायच्या, काम संपलं की पुढे काय, हे मुलांना ठाऊक नसतं तेव्हा मोकळा वेळ तयार होतो, आणि मुलं तो आपल्या परीने भरून काढतात. नवा शिक्षक गोंधळ झाल्यावर काय करायचं याचा विचार करत असतो. खरी चूक बहुतेक वेळा त्याच्या दहा मिनिटं आधी झालेली असते.

एक साधा प्रसंग घेऊ. सहावीचा वर्ग, पट अठ्ठेचाळीस, मधल्या सुट्टीनंतरचा तास. सरांनी रात्री बसून वह्या तपासल्या आहेत, मनापासून शेरे लिहिले आहेत. ते गठ्ठा टेबलावर ठेवतात आणि एकेक नाव पुकारत वह्या देऊ लागतात. पहिली पाच-सहा मुलं उठून येतात, वही घेऊन जागेवर जातात. आता त्यांच्याकडे करायला काही नाही, म्हणून ती शेजाऱ्याचा शेरा आणि आपला शेरा ताडून बघतात. पंधराव्या नावापर्यंत खोलीत कुजबुज सुरू होते. तीन मुलं एकाच वेळी बाकांमधून वाट काढत असतात, एकाचा धक्का लागून दुसऱ्याची कंपासपेटी खाली पडते. ज्यांचं नाव आलेलं नाही ती नुसती थांबलेली असतात. एक मुलगी सांगते, ‘सर, माझी वही दिलीच नाही.’ सर गठ्ठा पुन्हा चाळतात, त्यांची नजर वर्गावरून उठते, आणि नेमक्या त्या अर्ध्या मिनिटात मागच्या बाकावर झटापट होते. सर ओरडतात, दोघांना उभं करतात. तासाची बारा मिनिटं गेलेली असतात आणि शिकवायला अजून सुरुवात नाही. तास संपल्यावर सर म्हणतात, ‘सहावीचा वर्ग फार वात्रट आहे.’

वर्ग वात्रट नव्हता. वह्या बाकांच्या ओळीप्रमाणे आधीच लावून ठेवल्या असत्या, प्रत्येक ओळीतल्या एका मुलाने त्या वाटल्या असत्या, आणि वही हातात येताच ‘शेरा वाचा, चुकलेलं एक उदाहरण पुन्हा सोडवा’ एवढं फळ्यावर लिहिलेलं असतं, तर दोन मिनिटांत काम झालं असतं. उभ्या केलेल्या त्या दोन मुलांना शिक्षा झाली, त्यांनी काही केलं नव्हतं असंही नाही. पण त्या तासाची चूक त्यांच्यापाशी सुरू झाली नव्हती. या पुस्तकातले लेखक आपापल्या चुका उलगडताना असंच मागे मागे जातात. वाचकाने त्यांच्यासोबत मागे जाण्याची सवय लावून घेतली तर पुस्तकाचं निम्मं काम झालं.

मुळात एका खोलीत, एका वयाची चाळीस-पन्नास मुलं, एकाच वेळी एकच गोष्ट शिकताहेत, ही व्यवस्थाच फार जुनी नाही. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत मुलं वेगवेगळ्या वयांची असत. कुणी धूळपाटीवर अक्षर गिरवतोय, कुणी पाढे घोकतोय, थोराड मुलगा धाकट्याला शिकवतोय. शिक्षा अघोरी असत, त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण एकाने दुसऱ्याला शिकवण्याची ती रीत अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासमध्ये पाहिली. स्थानिक शाळेतली मुलं वाळूत अक्षरं काढताना बघून त्याने एग्मोरच्या अनाथाश्रमात मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याचा प्रयोग केला आणि १७९७ मध्ये लंडनला त्याचा वृत्तान्त छापला. त्याच सुमाराला जोसेफ लँकेस्टर लंडनमध्ये अशाच रीतीने शेकडो मुलं एका दालनात बसवू लागला. मुंबई इलाख्यातही पुढे ही पद्धत वापरून पाहिली गेली. आज आपल्या वर्गात बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा मॉनिटर हा त्या पद्धतीचा वारस आहे. फरक एवढाच की तेव्हाचा मॉनिटर शिकवत असे. आपण त्याच्याकडून शिकवणं काढून घेतलं आणि फक्त पहारा ठेवला. नवे शिक्षक मॉनिटरच्या हाती सत्ता देऊन बसतात आणि मग वर्गात वैर का वाढलं ते त्यांना उमगत नाही. या पुस्तकात ही चूक एकाहून अधिक जणांनी मांडली आहे.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा विषय स्वतंत्रपणे आला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. अमेरिकेतल्या विल्यम बॅगली यांचं याच विषयावरचं पुस्तक १९०७ चं. त्यात सवयींवर भर आहे. रांग कशी लावायची, पाट्या कशा गोळा करायच्या, वेळ कसा वाया जाऊ द्यायचा नाही. कारखान्याच्या युगाचा ठसा त्यावर स्पष्ट दिसतो आणि मुलांकडे बघण्याची ती नजर आज रुचत नाही. तरीही रोजच्या कामांची घडी बसवली की शिकवण्याला जागा मिळते, हे त्यातलं सत्य टिकून आहे.

पुढे मानसशास्त्राचे प्रवाह आले. स्किनरच्या विचारातून बक्षीस आणि दुर्लक्ष यांचं तंत्र आलं: चांगलं वागणं दिसलं की लगेच दाद द्यायची, किरकोळ खोडीकडे काणाडोळा करायचा. व्हिएन्नात ॲडलरच्या परंपरेत तयार झालेल्या रुडॉल्फ ड्रायकर्स यांनी विचारलं की मूल असं वागून काय मिळवू पाहतंय. त्यांच्या मते मूल लक्ष वेधू पाहतं, सत्ता गाजवू पाहतं, सूड उगवतं किंवा आपल्याला काही जमणारच नाही असं मानून हात टेकतं. यातलं चौथं कारण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण हात टेकलेलं मूल वर्गात गोंधळ घालत नाही आणि म्हणून नव्या शिक्षकाच्या नजरेतून निसटतं. १९७६ मध्ये ली कँटर यांनी नियम, इशारा आणि ठरलेली शिक्षा यांची चढती पायरी मांडली. ती अमेरिकेत भराभर पसरली, कारण ती छोट्याशा प्रशिक्षणात शिकवता येत होती. याउलट आल्फी कोन यांनी १९९६ मध्ये सगळ्या शिस्ततंत्रांवरच बोट ठेवलं: मुलं काम करत नाहीत म्हणून त्यांना आवरण्याचे उपाय शोधण्याआधी, दिलेलं काम करण्यासारखं आहे का, ते बघा. या प्रश्नाने नवा शिक्षक गांगरतो, कारण दिलेलं काम त्याने स्वतः निवडलेलं नसतं. पण प्रश्न टाळण्यासारखा नाही.

या साऱ्यांत जेकब कूनिन यांचं काम मला वेगळ्या तोलाचं वाटतं आणि या पुस्तकावर त्याची छाया सर्वांत जास्त आहे. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात शिकवत असताना वर्गात वर्तमानपत्र उघडून बसलेल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी टोकलं. ज्याला टोकलं त्याच्यापेक्षा न टोकलेल्यांच्या चेहऱ्यांत आणि बसण्यात झालेला बदल त्यांच्या लक्षात आला. एकाला बोललेलं सगळ्या वर्गावर कसं उमटतं, याचा शोध घेताना त्यांनी आधी टोकण्याच्या पद्धती तपासल्या: कडक, मवाळ, स्पष्ट, मोघम. बरीच वर्षं घालवल्यावर निष्पन्न काय झालं, तर टोकण्याच्या पद्धतीने वर्गाच्या वागण्यात फारसा फरक पडत नव्हता. शांतपणे चालणाऱ्या आणि कोलमडणाऱ्या वर्गांची चित्रमुद्रणं बारकाईने पाहिल्यावर फरक दिसला तो वेगळ्याच ठिकाणी. ज्यांचे वर्ग चालत होते त्या शिक्षकांना खोलीत सगळीकडे काय चाललंय याचं भान होतं आणि ते भान आहे हे मुलांनाही जाणवत होतं. एका मुलाची वही बघत असतानाच ते दुसरीकडच्या हालचालीला नजरेने उत्तर देत. एका कामातून दुसऱ्या कामात जाताना त्यांची गाडी अडखळत नसे. सुरू केलेलं मध्येच सोडून ‘अरे हो, सहलीचे पैसे कुणी आणले?’ असं ते विचारत नसत. १९७० मध्ये कूनिन यांनी हे पुस्तकरूपाने मांडलं. आपल्या वर्गनिरीक्षणांच्या नमुन्यांत आजही यातल्या गोष्टींसाठी सहसा रकाना नसतो.

त्यानंतरच्या दशकात टेक्सास विद्यापीठात एडमंड एमर आणि कॅरोलिन एव्हर्टसन यांनी शाळा सुरू होण्याच्या पहिल्या दिवसापासून वर्गांत बसून नोंदी केल्या. वर्षभर नीट चालणाऱ्या वर्गांतले शिक्षक पहिले काही दिवस शिकवण्याइतकंच वर्गाच्या रीती शिकवण्यावर खर्च करत होते. पाणी प्यायला केव्हा जायचं, मदत कशी मागायची, काम संपल्यावर काय. सांगून थांबत नव्हते, करून घेत होते आणि चुकलं तर पुन्हा करून घेत होते. आपल्याकडे जूनमध्ये पटनोंदणी, पाठ्यपुस्तकांचं वाटप, गणवेश, प्रवेशोत्सव यांत पहिला पंधरवडा जातो. ‘अभ्यासक्रम मागे पडला’ या घाईत वर्गाच्या रीती बसवायच्या राहून जातात आणि त्याची किंमत मार्चपर्यंत मोजावी लागते.

आपल्या भागातही या विषयाची एक समृद्ध परंपरा आहे, फक्त तिला कुणी वर्ग व्यवस्थापन म्हणत नाही. गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’ १९३० च्या दशकाच्या आरंभी गुजरातीत आलं आणि मराठी शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी वाचलं. त्यातला प्रयोगवेडा शिक्षक पुस्तकं वाचून, मनाशी योजना आखून चौथीच्या वर्गावर जातो आणि पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घेतो. तो पार फसतो. मुलं आवाज काढतात, हसतात, वर्ग हाताबाहेर जातो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो आणि मुलं त्याच्याभोवती गोळा होतात. बालकेंद्री शिक्षणाचा ग्रंथ म्हणून आपण ‘दिवास्वप्न’ची पूजा केली, पण नव्या शिक्षकाच्या पहिल्या दिवसाच्या फजितीचं इतकं प्रामाणिक चित्रण त्यात आहे, याकडे दुर्लक्ष केलं. उत्तम हेतू आणि उत्तम वाचन असूनही पहिला दिवस फसू शकतो, कारण योजना मुलांना न बघता आखलेली असते.

गिजुभाईंसोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांसह वारली मुलांमध्ये रमल्या. मुलं शाळेत येत नव्हती, आलेली टिकत नव्हती. कारण ती गुरं राखायला जात. हजेरी घसरली म्हणून पालकांना दोष देणं सोपं होतं. त्यांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळेत गुरंही राखली जात होती आणि शिकणंही होत होतं. वर्गातली अडचण मुलाच्या स्वभावात आहे की आपण ठरवलेल्या वेळेत, जागेत आणि रीतीत आहे, हा प्रश्न विचारण्याचं याहून धीट उदाहरण मला माहीत नाही. कोल्हापूरला १९८५ मध्ये सुरू झालेल्या सृजन आनंद विद्यालयातून लीलाताई पाटील यांनी भीतीला वर्गाबाहेर ठेवून वर्ग कसा चालतो हे दाखवलं आणि त्याबद्दल सातत्याने लिहिलं. त्यांचं लेखन वाचताना लक्षात राहते ती त्यांची कसून केलेली तयारी. मोकळीक देणाऱ्या शिक्षकाला कडक शिक्षकापेक्षा जास्त तयारी करावी लागते, हे नव्या पिढीने तिथून शिकावं.

याच परंपरेची काळी बाजूही इथे नोंदवायला हवी. वर्गात कुणी कुठे बसायचं ही आपल्याकडे नुसती सोयीची बाब कधीच नव्हती. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाला वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागत होतं, आणि शिपाई नसेल तर पाणीही मिळत नव्हतं. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. ते दिवस कायद्याने संपले. पण ‘हुशार’ मुलं पुढे आणि ‘ढ’ मागे ही मांडणी आजही अनेक वर्गांत आहे, आणि त्या मागच्या बाकांवर कोणत्या वस्तीतली मुलं बसतात हे पाहिलं तर मन अस्वस्थ होतं. नवा शिक्षक आल्या आल्या ही मांडणी जशीच्या तशी स्वीकारतो, कारण वर्ग त्याला तसाच मिळालेला असतो. मग प्रश्न पुढच्या दोन ओळींना विचारले जातात, नजर तिथेच फिरते, आणि मागच्या ओळींतला गोंधळ तेवढा दिसतो.

गैरसमजाची आणखी एक जागा म्हणजे मुलांचं गप्प राहणं. आश्रमशाळेत रुजू झालेला शहरी शिक्षक प्रमाण मराठीत प्रश्न विचारतो. समोर कोरकू, पावरी किंवा वारली बोलणारी मुलं बसलेली असतात. उत्तर येत नाही. तो लगेच दुसऱ्याला विचारतो, मग तिसऱ्याला, मग चिडतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि ते तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब, विचारपूर्वक येतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाला प्रश्न आधी मनात फिरवून घ्यावा लागतो. त्याला तीन सेकंदही अपुरे आहेत. त्याच्या गप्प बसण्याला उर्मटपणा किंवा मठ्ठपणा म्हणणं ही चूक लहान वाटते, पण तिच्यामुळे मुलाची शाळा सुटू शकते.

हे सगळं आताच का सांगायचं? १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली. हे होणं आवश्यकच होतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण आजचा नवा शिक्षक स्वतः ज्या शाळेत शिकला तिथे बहुधा पट्टी होती, अंगठे धरणं होतं, उन्हात उभं करणं होतं. शिकवण्याचा खरा उमेदवारीचा काळ विद्यार्थी म्हणून बाकावर बसूनच होतो, हे डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये दाखवलं होतं. प्रशिक्षणात मिळालेलं दोन वर्षांचं ज्ञान त्या बारा-पंधरा वर्षांच्या पाहण्यापुढे तोकडं पडतं. छडी हातातून गेली, पण तिच्या जागी काय करायचं हे कुणी दाखवलं नाही, म्हणून ती जिभेवर आली. टोमणा, टोपणनाव, ‘तुझ्या भावाने तर नाव काढलं होतं’, सगळ्या वर्गादेखत वाचून दाखवलेले गुण. हाही कायद्याने छळच आहे, आणि तो वळ उठवत नसल्यामुळे कुणाला दिसत नाही. एका मुलाच्या चुकीसाठी अख्ख्या वर्गाचा खेळाचा तास रद्द करणं हीही याच जातीतली चूक. त्यातून वर्ग शिस्तीला लागत नाही, त्या एका मुलावर तुटून पडतो.

दुसरं कारण लहान शाळांचं. याच कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे वाडीवस्तीवरच्या शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्ता ही तात्पुरती गैरसोय नसून कायमची स्थिती आहे. प्रशिक्षण मात्र एक शिक्षक, एक इयत्ता, एक घटक असं गृहीत धरून होतं. नवा शिक्षक दुसरीला ‘पान पंधरा उतरवून काढा’ म्हणतो आणि तिसरीकडे वळतो. सात मिनिटांत उतरवणं संपतं. इथेही मोकळा वेळ, मग आरडाओरडा, मग धपाटा. ज्यांनी यातून वाट काढली त्यांनी लिहिलेले अनुभव या पुस्तकातला सर्वांत कसदार भाग आहे असं मी म्हणेन.

तिसरं कारण म्हणजे आवाजाबद्दलचा आपला गोंधळ. २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात ज्ञानरचनावादाचा मोठा प्रसार झाला. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. वर्गांच्या फरशा रंगल्या, मुलं गटात गोलाकार बसली. गटात काम करणारी मुलं बोलणारच. पण भेटीला आलेला अधिकारी व्हरांड्यातून जाताना शांत वर्ग चांगला आणि बोलता वर्ग वाईट असं मनात नोंदवत असेल, तर नवा शिक्षक दोन्हीकडून अडकतो. गट पाडतो आणि मुलांना गप्पही बसवतो. कामाचा आवाज कसा असतो आणि काम सुटल्याचा आवाज कसा असतो, हे कान तयार करून ओळखावं लागतं. ते ओळखता येईपर्यंत बरेच तास वाया जातात, आणि तेवढी मुभा नव्या माणसाला मिळायला हवी.

आता पुस्तकाबद्दल थोडं. इथे उपायांच्या याद्या नाहीत. एका वर्गात लागू पडलेला उपाय शेजारच्या वर्गात पडेलच असं नाही, हे लिहिणाऱ्या सर्वांनी अनुभवलं आहे. म्हणून प्रत्येकाला प्रसंग तपशिलात सांगायला सांगितलं: पट किती, तास कितवा, मुलं कशी बसली होती, तुम्ही कुठे उभे होता. मुलांची, गावांची, शाळांची नावं काढून टाकली आहेत. काही लेखांचा शेवट यशाचा नाही. एका शिक्षिकेने वर्षअखेरीपर्यंत एका मुलाशी आपलं जुळलं नाही असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि ते तसंच ठेवलं आहे. गोड शेवटासाठी ते बदलणं नव्या वाचकावर अन्याय ठरला असता.

काही गोष्टी या पुस्तकाच्या आवाक्याबाहेर आहेत. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी तज्ज्ञांची मदत लागते. घरी मार खाणाऱ्या किंवा उपाशीपोटी येणाऱ्या मुलाचं वागणं शिक्षकाच्या कौशल्याने बदलत नाही. ७० च्या पटाचा वर्ग हा प्रशासनाचा प्रश्न आहे, आणि तो शिक्षकाच्या चुकांत मोजणं गैर आहे. लेखांतून हे मुद्दे येतात, पण त्यांची उत्तरं इथे मिळणार नाहीत.

पुस्तक एकट्याने वाचण्यापेक्षा चारचौघांत वाचावं असं सुचवतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एखादा लेख मोठ्याने वाचावा, अडचण ऐन भरात आली की थांबावं आणि ‘तुम्ही काय केलं असतं?’ असं विचारावं. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या गुरुजींनी आणि बाईंनी तिथे आपले सुरुवातीचे दिवस सांगावेत. नव्या शिक्षकाला त्यातून जो धीर मिळतो तो कुठल्याही परिपत्रकाने मिळत नाही.

मुख्याध्यापकांकडे एक मागणी आहे. बऱ्याच शाळांत सर्वांत नव्या माणसाला सर्वांत अवघड तुकडी देण्याची रीत आहे, कारण जुन्यांनी ती आधीच नाकारलेली असते. किंवा त्याला पहिलीचा वर्ग देतात, तिथे काय शिकवायचंय असं समजून, जेव्हा खरं तर पहिलीइतका कौशल्याचा वर्ग दुसरा नाही. पहिलं वर्ष तरी त्याला बेताचा पट द्या, आठवड्यातून एक तास अनुभवी सहकाऱ्याच्या वर्गात मागे बसू द्या, आणि कधीतरी तुम्ही स्वतः त्याच्या वर्गात जाऊन बसा, हातात निरीक्षणाची वही न घेता.